वाट असे, वाटा नसे

माझ्या घराभोवती छातीइतकी उंच भिंत आहे आणि त्या भिंतीला दोन खिंडारं आहेत. एक रस्त्याच्या बाजूला, दुसरं त्याच्या बरोबर समोर, मागच्या भातशेताच्या बाजूला. दोन्ही तीन-तीन हात रुंद. फाटक नाही, साखळी नाही, काही नाही. तिरुवैयारुच्या बसमधून उतरून येणारे पाहुणे हमखास विचारतात, “एवढी भिंत बांधलीत आणि दार लावायला विसरलात?” खिंडारातून शेळ्या येतात, कुत्री येतात, एकदा तर एक म्हैस स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन आत बघत उभी राहिली. मी पाहुण्यांना काहीबाही सांगून वेळ मारून नेते. पण आता वय झालं आणि वेळ मारून नेण्याचाही कंटाळा येतो. म्हणून एकदा सरळ लिहून ठेवते.

मी तंजावुरातल्या शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवलं. मुलं मला घाबरायची आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मधली पायरी गाळून कोणी एकदम उत्तर लिहिलं की मी अख्ख्या गणितावर काट मारायचे. “पण टीचर, उत्तर बरोबर आहे ना?” असं कोणी म्हटलंच तर, “मधलं काय लपवलंस ते सांग आधी,” असं विचारायचे. हे मुद्दाम सांगते आहे. मी पुढे जे केलं ते भाबडेपणानं केलं, असं कोणाला वाटायला नको.

आमचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. मराठी बोलणारे आमच्यात अजून पुष्कळ आहेत, वाचणारे मात्र शोधावे लागतात, आणि मोडी वाचणारे तर जवळजवळ नाहीतच. माझे वडील एका कचेरीत जुन्या मोडी कागदांच्या नकला करायचे. मी दहा-अकरा वर्षांची असताना त्यांनी मला मोडी शिकवली. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिला एकापाठोपाठ अक्षरं टांगत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. वडील म्हणायचे, “हे नीतीचं काम आहे. ज्याला वाचतां येत नाहीं तो तुझ्या तोंडाकडे बघत बसलेला असतो.” तेव्हा मला वाटायचं, अप्पा आपल्या साध्या कारकुनीला उगाच मोठं करतायत.

माझं लहानपण आणि नंतरचा संसारसुद्धा भाड्याच्या घरांत गेला. ओळीतली घरं, मधून बोळ. मागच्या दोन बिऱ्हाडांना जायला-यायला आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरूनच वाट होती. आम्ही जेवायला बसलो की आमच्या ताटांवरून लोकांच्या सावल्या जायच्या. आज काय भाजी आहे, कोण रुसलंय, कोणाला ताप आहे, सगळं बोळाला ठाऊक. मी तेव्हाच मनाशी घोकून ठेवलं होतं की माझं स्वतःचं घर होईल तेव्हा त्यातून परक्याचं पाऊल जाणार नाही. पुढे यजमान गेले, मुलगी नोकरीला चेन्नईला गेली, मी निवृत्त झाले, आणि हातात थोडे पैसे आल्याबरोबर मी जमीन शोधायला लागले.

मिळाली तीही आमच्याच लांबच्या नात्यातल्या एका माणसाची. त्याचं तंजावुरात मोटारसायकलींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिरुवैयारुच्या अलीकडे कालव्याच्या काठाला त्याच्या आजोबा-पणजोबांपासून आलेली नारळीची बाग होती. पुढे रस्ता, एका अंगाला कालवा, मागे दुसऱ्याचं भातशेत. झाडं जुनी, सावली दाट. मी पाहिली आणि मनात घर बांधून मोकळी झाले. बागेच्या पूर्वेच्या कडेनं एक पायवाट मागच्या शेताकडे गेलेली होती, तीही दिसली. पाय पडून पडून ती बागेहून वीतभर खोल गेलेली होती. इतकी खोल वाट दोन-चार वर्षांत होत नाही, हे सांगायला गणिताच्या टीचरची गरज नव्हती.

त्या माणसानं जुन्या कागदांचं एक बासन माझ्या हातात दिलं. “अक्का, हें तूंच वाच. मला तर मुंग्यांची रांग दिसत्ये. आमचे अप्पा होते तोंवर ते कांहीं तरी सांगत, आतां कोण सांगणार?” म्हणजे गंमत बघा. विकणाऱ्याला आपला कागद वाचता येत नाही म्हणून त्यानं तो वाचायला विकत घेणाऱ्याकडेच दिला. असा व्यवहार आमच्या तंजावुरी मराठ्यांतच होऊ शकतो. मांजराला दुधाची राखण सांगावी तसं झालं, आणि मांजरानंही मान डोलावली.

दुपारी जेवण झाल्यावर मी चष्मा लावून बसले. बहुतेक कागद साधे होते. एक मात्र वेगळा होता. बागेची राखण करणाऱ्या एका माणसाला मालकानं मागचं शेत कायमचं दिलं होतं, त्या लिखताची ती मालकाकडे राहिलेली प्रत होती. शाई थोडी तांबूस झालेली, पण हात सुरेख. शेवटाकडे ओळ होती: “सदरहू शेतास बागेंतून वाट असे बागेंत वाटा नसे लेकरांचे लेकरीं चालवावें.” शेताकडे जायला बागेतून वाट आहे, बागेत मात्र हिस्सा नाही, आणि हे मुलाबाळांपर्यंत असंच चालत राहील. कागदाची घडी बरोबर या ओळीवरून गेली होती. “बागेंतून वाट असे” एवढा तुकडा घडीत विरला होता. विरला होता, गेला नव्हता. मला तो एका दमात वाचता आला होता.

त्याच आठवड्यात मुलीनं घराचा आराखडा पाठवला होता. ती पायवाट स्वयंपाकघराच्या दारावरून जात होती. दुसरीकडे कुठूनही नाही, बरोबर तिथूनच. मी तो कागद घडी करून परत बासनात ठेवला आणि कोणालाही काही बोलले नाही. काय करायचं ते मी त्या दुपारीच ठरवलं होतं, हेही लिहूनच टाकते.

वकिलांची खोली तंजावुरात एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होती. खरेदीखताचा मसुदा करायला आम्ही तिथे जमलो. वकील तमिळ, वयस्कर, सावकाश बोलणारे. सरकारी दाखला त्यांनी आधीच काढला होता. जमिनीवर काही बोजा आहे का, ते त्यात कळतं. “पण त्यात अलीकडच्या वर्षांचंच दिसतं,” ते म्हणाले. “त्याआधी कोणी कोणाला काय लिहून दिलं ते जुन्या कागदांतच असतं. लोक ते न वाचता जमीन घेतात आणि मग शेजाऱ्याशी जन्मभर भांडतात.” आणि दाराशी जमिनीवर एक बाई बसली होती, बोलावलेली नसताना आलेली. मागचं शेत तिचं होतं. बाग विकली जातेय हे ऐकून ती बसनं आली होती. साठी ओलांडलेली, काटक, कानांच्या पाळ्या लोंबणाऱ्या, लुगडं गुडघ्याशी आवळलेलं. वकिलांनी खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

ती म्हणाली, “आमच्या वाटेचं तेवढं बघा. मराठी कागदात लिहिलंय असं माझे सासरे सांगायचे. मरेपर्यंत सांगायचे. कागद कोणाकडे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. “टीचर, तुम्हालाच येतं. वाचून तमिळमध्ये सांगा.”

मी कागद उलगडला. डाव्या हातानं धरला. माझा अंगठा घडीवर होता. तो तिथे आपोआप गेला असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. मी मोठ्यानं वाचलं, “सदरहू शेतास… बागेंत वाटा नसे.” मग तमिळमध्ये सांगितलं, मागच्या शेताला बागेत हिस्सा नाही. माझ्या नात्यातल्या त्या माणसाला मराठी कळतं, पण तो फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्यानं नुसतं “सरि, सरि” म्हटलं, म्हणजे बरं, बरं.

“हिस्सा आम्ही कधी मागितला?” ती बाई म्हणाली. “वाटेचं काय लिहिलंय?”

मी म्हटलं, “घडीवर अक्षरं फुटली आहेत. वाटेचं काही दिसत नाही.”

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. तिला तिथे काय दिसणार होतं? मग तिनं मान हलवली. “टीचरम्मा वाचतायत म्हणजे तसंच असणार. म्हातारा बढाया मारत असेल.” आणि उठून पदर झटकून ती जिना उतरून गेली.

वकिलांनी पेन उघडलं. आमच्याकडच्या खतांमध्ये एक ठरीव वाक्य असतं, मामूल वाटेच्या हक्काचं. मामूल म्हणजे पूर्वापार चालत आलेलं. त्यांनी विचारलं, “मागच्या शेतापुरतं ते वाक्य घालून ठेवू? असलेलं बरं असतं.” मी वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, “कागदात नाही ते तुम्ही कशाला घालता?” त्यांनी पेन बंद केलं. एक ओळ होती. मी ती दोनदा गाळली, एकदा वाचताना आणि एकदा लिहिताना.

घर झालं. सुरेख झालं. स्वयंपाकघराचं दार पूर्वेला उघडतं, तिथे मी ओटा बांधून घेतला आणि सकाळची कॉफी तिथे बसून प्यायला लागले. समोर माझी भिंत, माझे नारळ, आणि परक्या माणसाचं एक पाऊल नाही. पहिले काही महिने मला याचा इतका आनंद होता की सांगायची लाज वाटते.

त्या बाईचं झोपडीवजा घर रस्त्याच्या पलीकडे, माझ्या पुढच्या दारासमोर. तिचं शेत माझ्या मागच्या भिंतीपलीकडे. मधे मी. आता तिला कालव्याच्या काठाकाठानं मोरीपर्यंत, म्हणजे लहानशा पुलापर्यंत, जावं लागे, मोरी ओलांडून दुसऱ्यांच्या शेतांच्या बांधांवरून परत मागे यावं लागे. सकाळी पेजेची कळशी काखेत घेऊन ती निघायची. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण आमच्या घरात वेंधळ्या माणसाला चिडवायला वापरत. इथे कळशी खरीच काखेत होती, वळसाही खरा होता, आणि वेंधळेपणा कोणाचाच नव्हता. मी ओट्यावरून तिला जाताना बघायचे. आधी बघायचे, मग बघायचं टाळायला लागले, मग कॉफी घेऊन पलीकडच्या खोलीत बसायला लागले. एवढ्या हौसेनं बांधलेला ओटा रिकामाच राहायला लागला.

तिनं भांडण केलं नाही. मला त्याचाच राग यायचा. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते आणि हिशेब मिटल्यासारखं वाटलं असतं. पण रस्त्यात भेटली की ती हसायची आणि विचारायची, “जेवण झालं का, टीचरम्मा?” मी तिला पेरियम्मा म्हणायचे. आमच्याकडे थोरल्या मावशीला तसं म्हणतात. तोंड गोड ठेवायला काय लागतं?

तिसऱ्या वर्षी लावणीच्या दिवसांत ती रोपांचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मला मोलकरणीनं सांगितलं. मी भेटायला गेले, फळं घेऊन. ती हाताला फळकुट बांधून बसली होती आणि उलट मलाच म्हणाली, “बसा ना, उन्हातून आलात.” तिचा मुलगा तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यात. तो फोनवर शेत विकून टाक म्हणत होता. ती म्हणाली, “विकेन हो, पण घेणार कोण? त्याला वाट नाही ना.” हे ती मला टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात गवंडी बोलावून मी पूर्वेच्या कडेला पुढच्या भिंतीत एक आणि मागच्या भिंतीत एक अशी दोन लोखंडी फाटकं बसवून घेतली. तिला जाऊन सांगितलं, “पेरियम्मा, इथून जात जा. माझी काही हरकत नाही.” माझी काही हरकत नाही! हे शब्द मी उच्चारले. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग गावभर माझं कौतुक सुरू झालं. स्वतःची जागा फोडून म्हातारीला वाट देणारी टीचर. देवळात बायका मला पुढे जायला जागा द्यायला लागल्या. दुकानदार म्हणायचा, शिकलेल्या माणसाचं मनच वेगळं. मुलगी फोनवर तमिळमध्ये म्हणाली, आई, तू फारच चांगली आहेस, लोक तुझा फायदा घेतील. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर कधी मराठीत देत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि मला तर रोज कौतुक गिळावं लागत होतं. मी नुसती हसायचे.

आणि ती बाई? रोज सकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची. फाटकाला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. तरी ती कडी काढायची नाही. हाक मारायची, “टीचरम्मा, जाऊ का?” मी आतून म्हणायचे, “जा.” मग कडी वाजायची. संध्याकाळी मागच्या फाटकाशी पुन्हा तेच. मी शंभरदा सांगितलं, विचारू नकोस म्हणून. ती म्हणायची, “तुमची जागा आहे, न विचारता कसं?” पोंगलच्या सणाआधी तिच्या शेताचा नवा तांदूळ पहिला माझ्या घरी यायचा, पितळी मापानं मोजून, वर एक हळकुंड ठेवून. केळीचा घड यायचा. “फाटकासाठी,” ती म्हणायची. मी त्या तांदळाचा पोंगल करायचे, नैवेद्य दाखवायचे आणि स्वतःच्या पानात वाढून घेतल्यावर घास तोंडात फिरत राहायचा. तिची वस्तू तिलाच भीक म्हणून घातली होती, आणि वर तिच्याकडून दक्षिणा घेत होते.

असं पाच वर्षं चाललं. पाच वर्षं मी रोज दोनदा “जा” म्हटलं.

मागच्या वर्षी मला वाटलं, घर मुलीच्या नावावर करून टाकावं. मुलगी चेन्नईहून आली. त्याच माडीवर, त्याच वकिलांकडे आम्ही गेलो. वकील आता काठी घेऊन चालतात. नकाशा बघून त्यांनी विचारलं, “ही दोन फाटकं?”

“ती मी शेजारणीसाठी ठेवली आहेत,” मी म्हटलं.

मुलगी मधेच म्हणाली, “आई, ती पुढे बंद करू. तिथे कार उभी राहील.” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला कोणी काय सांगितलं होतं?

वकील तिला समजावून सांगायला लागले. “बघा, वाटेचा हक्क असेल तर तो जमिनीला चिकटलेला असतो. मालक बदलले तरी तो तिथेच. पण आईनं दिलेली ती सवलत आहे. सवलत माणसाची असते, माणसाबरोबर जाते. तुमच्या नावावर झालं की तुम्ही उद्या कुलूप लावू शकता. त्या बाईला काही बोलता येणार नाही.”

मी खुर्चीत बसले होते आणि मला दाराजवळची ती जमिनीवरची जागा दिसत होती, जिथे ती बसली होती. इतके दिवस मी स्वतःची समजूत घातली होती की फाटकं बसवली, म्हणजे चूक दुरुस्त झाली. दुरुस्त काहीच झालं नव्हतं. मी तिचा हक्क उचलून माझ्या श्वासाला बांधून ठेवला होता. मी गेले की कुलूप. मी मुलीला म्हटलं, “आज कांहीं लिहायचें नाहीं. घरीं चल.” तिनं कारण विचारलं. बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या दुपारपासून. आमच्या फाट्यावर उतरताना ती मराठीत म्हणाली, “आई, तूं असें केलेंस?” तिच्या तोंडून इतकं शुद्ध मराठी मी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई फाटकाशी आली. “टीचरम्मा, जाऊ का?” मी आतून “जा” म्हटलं नाही. बाहेर गेले, तिला ओट्यावर बसवलं आणि बासन सोडलं. कागद उलगडून तिच्यासमोर ठेवला. अंगठा दूर ठेवून पूर्ण ओळ वाचली, आधी मराठीत, मग तमिळमध्ये. वाट आहे. हिस्सा नाही. मुलाबाळांपर्यंत चालवावं.

तिनं विचारलं, “कुठे लिहिलंय?”

मी बोट ठेवून दाखवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. भाताच्या चिखलानं नखं काळी झालेलं बोट त्या मोडी ओळीवरून हळूहळू पुढे गेलं.

“ही अक्षरं तेव्हाही होती?”

“होती.”

“तुम्हाला दिसली होती?”

“दिसली होती, पेरियम्मा.”

मला वाटलं, आता ती शिव्या देईल, कळशी आपटेल, गाव गोळा करेल. मी त्याची तयारी करून बसले होते. तिनं बोट ओळीवरून उचललं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी सासऱ्यांना खोटं ठरवलं. घरी जाऊन मुलाला सांगितलं, तुझा आजोबा बढाया मारायचा, टीचरम्मांनी कागद वाचला, त्यात काही नाही. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी हे बोलले. जेवायला बसलेले सगळे हसले.”

वाट, वळसा, मोडलेलं मनगट, या सगळ्याची यादी माझ्याकडे तयार होती. हे त्या यादीत नव्हतं. एका मेलेल्या खऱ्या माणसाला मी त्याच्याच घरात खोटा पाडला होता, आणि ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी क्षमा मागितली. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. कळशी उचलून ती पुढच्या फाटकातून परत रस्त्यावर गेली आणि त्या दिवशी शेताला कालव्याच्या काठानं, मोरीवरून गेली.

वकिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. “तेव्हा एका ओळीचं काम होतं, टीचर,” एवढंच म्हणाले. आता मात्र वेगळं खत करावं लागलं. बागेतून मागच्या शेताला वाट आहे, ती पूर्वीपासून आहे, मालक कोणीही झाला तरी राहील. मुलीनंही सही केली. ‘सवलत’ हा शब्द कुठेही येऊ द्यायचा नाही, असं मी वकिलांना बजावून सांगितलं होतं. नोंदणीच्या कचेरीत बोटांचे ठसे घेणारं यंत्र होतं. माझा अंगठा त्यानं पहिल्या खेपेला ओळखला. तिचा अंगठा कामानं इतका झिजला होता की चारदा दाबूनही उमटेना. शेवटी कारकुनानं शाई आणली आणि जुन्या पद्धतीनं कागदावर ठसा घेतला.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली. “टीचरम्मा, त्या जुन्या कागदात फाटक लिहिलंय का?”

“नाही,” मी म्हटलं. “नुसती वाट लिहिली आहे.”

“मग?” ती म्हणाली आणि बसथांब्याकडे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी लोहार बोलावून मी दोन्ही फाटकं बिजागऱ्यांसकट काढून टाकली. खिंडारं आहेत ती तेव्हापासून.

ती आता पुढच्या खिंडारातून आत येते, माझ्या स्वयंपाकघराच्या दारावरून जाते आणि मागच्या खिंडारातून शेतात उतरते. हाक मारत नाही. घराकडे मान वळवत नाही. यंदा पोंगलला तांदूळ आला नाही, मी दुकानातून आणला. स्वतःच्या वाटेवरून माणूस असाच जातो, कोणाला विचारून जात नाही, आणि तिनं असंच जावं म्हणून तर मी ते सगळं केलं. मी कॉफी घेऊन परत त्या ओट्यावर बसायला लागले आहे. तिची सावली माझ्या पेल्यावरून जाते. जाईपर्यंत मी पेला उचलत नाही, आणि ती आली की माझ्या तोंडात “जा” येतो, तो गिळून टाकते.